आधी बघून घ्या

तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते तेव्हा मी दुपारी बडोद्यात, मामाच्या छापखान्यात गल्ल्यावर बसायचे. दांडिया बाजारातली लहानशी जागा. ऑफसेटचं एक मशीन, दोन कॉम्प्युटर आणि टेबलाच्या काचेखाली लग्नपत्रिकांचे नमुने.

मामाचा नियम एकच होता. गिऱ्हाइकाची फाइल उघडून बघितल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. सीडी आली की ती गिऱ्हाइकासमोरच उघडायची. त्यातला फॉन्ट आमच्याकडे नसला तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसत. ते परवडायचं, कारण ती चूक लपत नसे. भीती असे ती जवळपास बरोबर दिसणाऱ्या मजकुराची. एका मंडळाला ‘आचार्यांचा सत्कार’ करायचा होता आणि फाइलीत होता ‘आचाऱ्यांचा सत्कार’. आमचा ऑपरेटर गुजराती. त्याच्या लिपीत तसला र नाहीच, त्यामुळे त्याला दोन्ही सारखेच वाटले. मजकूर झाला की कडा बघायच्या. कागद कापताना सुरी किंचित इकडेतिकडे होते, म्हणून रंग पानाच्या हद्दीबाहेर 3 मिलिमीटर गेलेला हवा. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंद होणार, हेही तेव्हाच सांगून टाकायचं.

एकदा मामा बाहेरगावी गेला होता. एक मराठी गृहस्थ आईच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या स्तोत्रांची पुस्तिका घेऊन आले. घाईत होते. त्यांनी पाचशे रुपये पुढे केले, मी घेतले आणि पावती फाडली. ऑर्डर मिळाल्याचा आनंदच झाला होता मला.

संध्याकाळी फाइल उघडली. मुखपृष्ठभर आईंचा फोटो होता, कुठल्यातरी घोळक्याच्या फोटोतून कापून काढलेला. रुंदी जेमतेम 600 पिक्सेल. नीट छापायला इंचाला 300 लागतात, म्हणजे तो दोन इंचांपुरता होता आणि मुखपृष्ठ होतं जवळजवळ सहा इंच रुंद. मी फोन केला. म्हटलं, मूळ फोटो द्या, आम्ही नीट स्कॅन करून घेऊ.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आता किती वाढवताय?”

मी एक पैसाही वाढवत नव्हते. पण ते पटवून देण्याची वेळ निघून गेली होती. “आहे तसंच छापा,” म्हणाले. छापलं. कपाळ आणि कुंकू एकमेकांत मिसळलं, डोळ्यांच्या जागी ठिपके आले. त्यांनी एक प्रत हातात घेऊन पाहिली, उरलेले पैसे मोजून दिले आणि गठ्ठा उचलून गेले.

मामा आल्यावर रागावला नाही. एवढंच म्हणाला, “पैसे घ्यायच्या आधी सांगितलं तर तो सल्ला. नंतर सांगितलं की सबब.”

आता मी गुजरातीतून मराठीत अनुवाद करते. सुरुवातीला एका कादंबरीची पहिली चाळीस पानं वाचून मी करारावर सही केली होती, अ‍ॅडव्हान्सही घेतला होता. नवव्या प्रकरणात एक म्हातारी तिच्या गावच्या बोलीत बोलायला लागली आणि माझे हातपाय गळाले. ती बोली मला येत नव्हती. प्रकाशकाला कळवावं म्हणून पत्र लिहायला घेतलं, पण प्रत्येक वाक्य मुदत वाढवून मागितल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी तिला बाकीच्यांसारखंच बोलायला लावलं. पुस्तक आलं, परीक्षणंही बरी आली. म्हातारीबद्दल कुणी काही लिहिलं नाही. मला मात्र त्या पानांवर ठिपकेच दिसतात. तेव्हापासून पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी सही करत नाही. दोनदा कामं हातची गेली. दोन्ही वेळा प्रकाशकाशी बोलणं मात्र सोपं गेलं.

ते गृहस्थ पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं. माझं एम.ए. संपत आलं होतं तेव्हा ते आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. या खेपेला मामा दुकानात होता, तरी ते माझ्याच टेबलाशी येऊन बसले. सीडी पुढे सरकवली. खिशाकडे हात नेला नाही.

“आधी बघून घ्या,” म्हणाले. “मग पैसे देतो.”

तो टोमणा होता की विश्वास, मला आजही सांगता येणार नाही. मी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.