अस्सल आणि नक्कल

सुरतेच्या जुन्या मराठी घरांत मुंजी, मंगळागौरी, गणेशोत्सव यांची चित्रणे व्हीएचएस कॅसेटींवर असत. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात आमच्या निम्म्या कॅसेटी चिखलात गेल्या. उरलेल्या आम्ही पुढे संगणकावर उतरवून घेतल्या.

त्या मुलाच्या प्लेस्टेशन ३ वरून मोठ्या पडद्यावर पाहाव्यात, तर ते यंत्र फाइली ओळखेना. एमकेव्ही, एमपी४ ही केवळ डब्यांची नावे. आत चित्र व ध्वनी कोणत्या रीतीने आवळून भरले आहेत, ती बाब निराळी. ते यंत्र एमकेव्हीचा डबा उघडत नाही, एमपी४ चा उघडते. आत एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी असेल, तर बहुधा नुसता डबा बदलून भागते व चित्रास धक्का लागत नाही. अन्यथा ‘हँडब्रेक’सारख्या विनामूल्य प्रणालीने सारे नव्याने बांधावे लागते, आणि प्रत्येक बांधणीत तपशील थोडा झिजतो.

सरकारी दप्तरात आयुष्य गेलेल्या आम्हांस यातील नियम परका वाटला नाही: नक्कल वापरासाठी, अस्सल जपण्यासाठी. यंत्रे तर बदलतच राहतात. २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर एमकेव्हीही चालू लागले. मूळ फाइली पुसल्या असत्या, तर त्या नव्या यंत्रालाही झिजलेली नक्कलच द्यावी लागली असती.

आमच्या आईच्या तोंडची, गुजरातीची फोडणी बसलेली मराठी आता नातवंडे त्या चित्रणांतूनच ऐकतात. त्या बोलीची दुसरी अस्सल प्रत आमच्यापाशी नाही.