टारफुला

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंकुशनगर हे ठिकाण साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. या परिसरात उसाचे व कपाशीचे मळे दिसतात. परंतु मराठवाड्याची खरी भाकरी ज्वारीची. आणि या ज्वारीच्या भाकरीवर डोळा ठेवणारे एक इवलेसे रानफूल आहे. त्याचे नाव टारफुला.

खरिपाची ज्वारी चांगली उंच झाली, की तिच्या बुंध्याशी वीतभर उंचीची हिरवी रोपटी डोके वर काढतात. त्यांची पाने अरुंद व खरखरीत, तर फुले नाजूक आणि पांढरीशुभ्र असतात. नवख्या मुलाला ते फूल खुडून घरी न्यावेसे वाटते. अनुभवी शेतकऱ्याच्या कपाळाला मात्र आठ्या पडतात. जमिनीत ओल असूनही ज्वारी का कोमेजली, तिची वाढ का खुंटली, याचा उलगडा त्याला त्या फुलाकडे पाहताच होतो. चोर दिसतो, तेव्हा बरीचशी चोरी होऊन गेलेली असते!

टारफुला हा अर्धा परोपजीवी आहे. त्याच्या पानांत हरितद्रव्य असते. सूर्यप्रकाशात ती थोडेफार अन्न तयारही करतात. पण तेवढ्यावर त्याचे भागत नाही. जमिनीखाली तो आपले मूळ ज्वारीच्या मुळात रुतवतो आणि तिचे पाणी, क्षार व अन्न शोषून घेतो.

त्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका रोपट्यापासून अशी हजारो बीजे मातीत पडतात आणि वर्षानुवर्षे निजून राहतात. नुसत्या पावसाने ती उगवत नाहीत. ओल मिळाल्यावर जवळच एखादे योग्य मूळ आले, तरच त्यांना जाग येते. कारण बीजातील शिदोरी फार थोडी असते. काही दिवसांत आधार सापडला नाही, तर अंकुर मरून जातो.

मग या बीजाला मुळाची चाहूल लागते तरी कशी? 1966 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एका मुळातून पाझरणारे, टारफुल्याच्या बीजाला जागे करणारे द्रव्य शोधून काढले. ते मूळ ज्वारीचे नव्हते, कपाशीचे होते! पुढे 2005 साली जपानी शास्त्रज्ञांना आढळले, की अशी द्रव्ये म्हणजे मुळांनी उपकारक बुरशीला दिलेली साद असते. ती बुरशी मुळांना मातीतील स्फुरद मिळवून देते. मित्रासाठी घातलेली साद चोराच्या कानी पडते, ती अशी.

परंतु याच ठिकाणी चोर फसतो. कपाशीच्या मुळाने बी जागे होते. पण त्या मुळात त्याला शिरकाव करता येत नाही, आणि अंकुर उपाशी मरतो. म्हणून टारफुला माजलेल्या रानात ज्वारीवर पुन्हा ज्वारी न घेता मध्ये कपाशी घ्यावी, रानाला शेणखत द्यावे, आणि दिसलेले रोपटे बी धरण्यापूर्वीच उपटावे, असे जाणकार सांगतात.

फुले ओंजळीत घेऊन उभ्या असलेल्या मुलाला शेतकरी रागे भरत नाही. तो त्याला शेजारी वाकायला लावतो आणि रोपटे मुळासकट कसे उपटावे, ते दाखवतो. आज उपटलेल्या एका रोपट्यामागे पुढच्या अनेक वर्षांची भाकरी वाचते.