अकरा हजारांचा पडदा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या मॉनिटरने अखेर मान टाकली. साडेअठरा इंचांचा तो पडदा आम्ही सेवानिवृत्त होताना कचेरीच्या मोडीत निघालेल्या सामानातून घेतला होता. त्याच्या उजव्या अंगाला वर्षभर एक हिरवी उभी रेघ दिसत असे. तिच्याकडे आम्ही दुर्लक्ष करीत आलो होतो. कारण त्या पडद्यासमोर धाकटे चिरंजीव अभ्यासापेक्षा खेळासाठीच अधिक बसतात, अशी आमची ठाम समजूत होती. खेळाला रेघेचा कसला अडथळा?

म्हणून चिरंजीवांनी ‘गेमिंग मॉनिटर’ हा शब्द उच्चारला तेव्हा आम्ही हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले नाही. ‘साधा पडदा सहा-सात हजारांत मिळतो,’ एवढेच सौ.ला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी वहीचे एक पान आमच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवले.

उभे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत घालविलेल्या माणसाला आकड्यांनी गाठावे, हे त्याने बरोबर हेरले होते. पडदा एका सेकंदात जितक्या वेळा चित्र बदलतो, तितके त्याचे हर्ट्झ. साधा पडदा ६० वेळा बदलतो; म्हणजे प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ते ६.९ मिलिसेकंद टिकते. वाचले जवळजवळ दहा मिलिसेकंद. मात्र १४४ वरून २४० वर उडी मारली, तर हाती लागतात तीनही नव्हेत, आणि किंमत तर चढतच जाते. चिरंजीवांनी १६५ ते १८० च्या खाली पेन्सिलीने रेघ ओढून लिहिले होते, ‘याच्यापुढे पैसे वाया.’ ते वाक्य वाचून आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले.

त्याचे मन मुळात २७ इंची, २५६० गुणिले १४४० बिंदूंच्या पडद्यावर बसले होते, हे आम्हांला ठाऊक होते. तो महिनोन्महिने त्याचेच गुणगान करीत असे. या पानावर मात्र त्यावर काट मारलेली होती. कारणही दिले होते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात, तर त्या मोठ्या पडद्यावर ३६ लाख ८६ हजार. आमच्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड म्हणजे २०१९ साली बाजारात आलेले चार जीबीचे जीटीएक्स १६५०. एवढे बिंदू त्याने सेकंदाला शंभर-दीडशे वेळा रंगवावेत, ही अपेक्षा म्हणजे म्हाताऱ्या बैलाला मोठा नांगर जुंपणे. कारण आम्हांला पटले. मुलाला अक्कल आली, असे आम्ही सौ.जवळ बोलूनही दाखविले.

एका शनिवारी सकाळी वसईहून लोकल पकडून आम्ही पितापुत्र ग्रँट रोडला उतरलो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा तो रस्ता. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे. पण संगणकाचे सामान घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच चाललो म्हणून सांगतो.

पहिल्या दुकानदाराने आम्हांला पाहताच एक वक्राकार, २७ इंची पडदा पुढे केला. किंमत आमच्या आवाक्यातली. पडदा मोठा, भाव तोच, हे पाहून आम्ही पाकिटाला हात घातलाही होता. चिरंजीवांनी हळूच आमचा हात धरला. बिंदू तेवढेच आणि पडदा मोठा, म्हणजे २४ इंचांत एका इंचाला सुमारे ९२ बिंदू बसतात तिथे इथे ८२ च बसणार. जवळून अक्षरे भरड दिसणार. मग त्याने पॅनेल कोणते, असे विचारले. व्हीए, असे उत्तर आले. अशा पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो खरा, पण स्वस्तातल्या पडद्यावर अंधाऱ्या दृश्यात धावत्या वस्तूमागे काळपट फराटा उमटतो. खोक्यावरचा ‘एक मिलिसेकंद’ हा आकडाही दोन तऱ्हांनी मोजतात म्हणे. एका तऱ्हेत बिंदूला रंग बदलायला किती वेळ लागतो ते पाहतात. दुसरीत पडद्यामागचा दिवा क्षणोक्षणी विझवून डोळ्यांना दिसणारा फराटा कमी करतात, आणि तेव्हा चित्र मंद होते. ‘एचडीआर’चा शिक्काही होताच. त्या प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरी ४०० निट उजेडाची, आणि त्याच खोक्याच्या मागच्या अंगावर बारीक अक्षरांत २५० लिहिलेले. पाणी घातलेले दूध ‘म्हशीचे’ म्हणून घालणारा आमच्या लहानपणीचा दूधवाला आम्हांला आठवला.

चौथ्या दुकानात हवा तो पडदा मिळाला : २४ इंची, आयपीएस, १८० हर्ट्झ, दहा हजार आठशे रुपये. कार्डाचा वेग कमीजास्त होईल तसा हा पडदा आपला वेग जुळवून घेतो. एरवी चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. एनव्हिडियाच्या कार्डांना पूर्वी या सोयीसाठी खास महागडा पडदा लागे. जानेवारी २०१९ पासून ती इतरांवरही चालू लागली. चिरंजीवांनी दुकानातच पडदा पूर्ण काळा, मग पूर्ण पांढरा करून मेलेला एखादा बिंदू वा कोपऱ्यातून झिरपणारा उजेड आहे का, ते पाहिले. दुकानदार कुरकुरला, पण दाखविले.

घरी येऊन जोडणी झाली, आणि आम्हांला काहीही फरक दिसेना! रेघ नव्हती, एवढेच. अकरा हजार पाण्यात गेले, असे आम्ही मोठ्याने म्हणालो. चिरंजीवही क्षणभर गोंधळले. मग कळले, की पडदा १८० चा असला तरी विंडोजने त्याला ६० वरच बांधून ठेवले होते. सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलला. आमच्या हाती माऊस देऊन तो म्हणाला, ‘पपा, आता फिरवून बघा.’ उड्या मारीत जाणारा बाण पडद्यावरून पाण्यासारखा वाहू लागला होता. आम्ही तो उगाचच बराच वेळ फिरवीत बसलो.

पुढच्या शुक्रवारी रात्री दहाला आम्ही त्याच्या खोलीवरून जात होतो. आमचा थोरला चार वर्षे दोह्याला आहे. तिकडे शुक्रवारी सुटी, आणि घड्याळ आपल्या अडीच तास मागे. दर रविवारी तो आम्हांला फोन करतो. ‘बरा आहे, जेवलो, मम्मीला गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा,’ एवढ्यात तीन मिनिटे संपतात. शुक्रवारी मात्र दोघे भाऊ ‘रॉकेट लीग’ नावाचा खेळ खेळतात. त्यात मोटारगाड्या फुटबॉल खेळतात, आणि एकेक सामना पाच मिनिटांचा असतो. एकेकाळी हेच दोघे धर्मग्रामाच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळत. धाकट्याच्या कानांवर हेडफोन होते. त्यामुळे आम्हांला संभाषणाची एकच बाजू ऐकू आली.

‘अजून दिला नाही? तिसरा महिना लागला ना, दादा? ... नाही, पपांना नाही सांगितलं. ... तू पैसे पाठवायचं बोलूच नको, हा पडदा मस्त आहे.’

आम्ही दारातच थबकलो. खेळ संपल्यावर विचारले, तेव्हा त्याने आढेवेढे घेतले नाहीत. मोठा पडदा थोरला घेऊन देणार होता. मे महिन्यातच त्याने कबूल केले होते. पुढे त्याचा पगार अडकला. धाकट्याने त्याला कळविले, कार्ड जुने आहे, मोठा पडदा काही कामाचा नाही. कार्डाची गोष्ट खोटी नव्हती. आम्ही स्वतः त्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी तपासली होती. मुलाच्या अकलेचे आम्ही जे कौतुक केले, ते मात्र आम्हांला परत घ्यावेसे वाटले. कौतुक करायचे होते ते निराळ्याच गोष्टीचे.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. त्याने न विचारता हेडफोन काढून आमच्या कानांवर चढविले. पगाराविषयी आम्ही अवाक्षर काढले नाही. ‘तुझी गाडी हवेत कशी रे उडते?’ एवढेच विचारले. थोरला ते वीस मिनिटे समजावून सांगत होता, आणि मग बाकीचेही आपणहून सांगू लागला. सौ. मध्यरात्री उठून खोलीत डोकावली, तेव्हा तो बोलतच होता, आणि धाकटा एकटाच खेळून सलग तिसरा सामना हरला होता.