शेवटच्याला जास्त वारा

फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतीत एक नियम आहे. जो संघ गुणतक्त्यात शेवटी असतो, त्याला आपल्या गाडीचा आकार सुधारण्यासाठी सर्वांत जास्त चाचण्या करता येतात. जो पहिला असतो, त्याला सर्वांत कमी. एवढ्या पैशाच्या आणि एवढ्या निर्दय खेळात असा नियम असेल, असं कुणाला वाटणार नाही. मी वीस वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळांत मराठी आणि उर्दू शिकवते आहे. बीएडच्या पुस्तकांत ‘संधीची समानता’ यावर पानंच्या पानं वाचली, पण त्या शब्दांचा अर्थ इतक्या थोडक्यात आणि आकड्यांत मांडलेला मी पहिल्यांदा पाहिला तो या नियमात.

मोटारींशी माझा तसा संबंध नाही. मुलगा मेकॅनिकलला आहे, त्याच्यामुळे रविवारी संध्याकाळी घरात शर्यत चालू असते. एकदा मी विचारलं, एवढं इंजिन आहे तर एकच गाडी पुढे का राहते? तो म्हणाला, “अम्मी, इंजिन नहीं, हवा देखो.” तेव्हापासून मी हवा पाहते आहे.

विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. या गाड्यांचे पुढचे-मागचे पंख उलटे बसवलेले असतात, म्हणून ते गाडीला खाली दाबतात. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. त्यामुळे टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि वळणावर वेग फारसा कमी करावा लागत नाही. पण सर्वांत मोठं काम दिसतच नाही, ते गाडीच्या पोटाखाली चालतं. कागदाच्या दोन पट्ट्या तोंडासमोर समांतर धरा आणि मधून फुंकर मारा. पट्ट्या लांब जात नाहीत, एकमेकींकडे ओढल्या जातात. मधून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी झालेला असतो. गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यातल्या फटीत हेच घडतं. हवा तिथून वेगाने सुटते आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. लोटस संघाने १९७७-७८ मध्ये याच युक्तीवर सगळ्यांना मागे टाकलं आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. पुढे वळणांवरचा वेग धोकादायक वाटू लागला आणि १९८३ पासून गाडीचा तळ सपाट ठेवण्याची सक्ती झाली.

२०२२ मध्ये ही युक्ती नियमांतूनच परत आणली. कारण होतं मागून येणाऱ्या गाडीचं. पुढची गाडी हवा घुसळून टाकते आणि त्या विस्कटलेल्या हवेत मागच्या गाडीचे पंख नीट काम करत नाहीत. फॉर्म्युला वनने दिलेल्या आकड्यांप्रमाणे, जुनी गाडी पुढच्या गाडीपासून १० मीटरवर आली की तिचा ४६ टक्के डाउनफोर्स जायचा. नव्या आराखड्यात हा तोटा १८ टक्क्यांवर येईल असा हिशोब होता. म्हणजे मागे असणं हीच मागे राहण्याची शिक्षा होती आणि ती थोडी कमी करायची होती.

पण हवा कुणाचं ऐकत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाला नव्या गाड्या धावल्या आणि सरळ रस्त्यावर उसळू लागल्या. वेग वाढला की गाडी खाली खेचली जायची, तळ रस्त्याच्या फार जवळ गेला की हवेची वाट कोंडायची, ओढ सुटायची, गाडी वर यायची आणि पुन्हा तेच. डॉल्फिनसारख्या पॉरपॉइज नावाच्या प्राण्यावरून या उसळण्याला पॉरपॉइजिंग म्हणतात. त्या वर्षी बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला. २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलाव्या लागल्या.

संघ वर्षभर गाडीत लहानमोठे बदल करत राहतात. कधी तळाची कड बदलतात, कधी पंखाचं टोक, कधी बाजूच्या फुगीर भागांचा घाट. त्यालाच अपग्रेड म्हणतात. प्रत्येक बदल आधी संगणकावर आणि मग विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, तपासला जातो. तिथे खरी गाडी ठेवता येत नाही. जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल ठेवायचं आणि वाऱ्याचा वेग ताशी १८० किलोमीटरपुढे न्यायचा नाही, असं बंधन आहे. शिवाय चाचण्या मोजून मिळतात, आणि इथेच तो नियम येतो.

साधारण आठ आठवड्यांच्या एका कालखंडात ३२० चाचण्या हे मूळ माप. २०२२ पासून पहिल्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या ७० टक्के मिळतात, दुसऱ्याला ७५, तिसऱ्याला ८०. अशा पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या चढत दहाव्याला ११५ टक्के. म्हणजे विजेत्याला २२४ आणि शेवटच्याला ३६८. संगणकावरच्या चाचण्यांनाही याच पायऱ्या लागू आहेत.

२०२३ ची मॅक्लारेनची गोष्ट घ्या. आदल्या वर्षी ते पाचवे होते, म्हणून वर्षाच्या पहिल्या सहामाहीत त्यांना ९० टक्के, म्हणजे २८८ चाचण्या होत्या. विजेत्या रेड बुलला ७० टक्के मिळायचे, पण खर्चाची मर्यादा ओलांडल्याच्या दंडात त्यातले आणखी दहा टक्के कापले गेले आणि हातात साधारण २०२ उरल्या. मॅक्लारेनची सुरुवात वाईट होती. गाडी उद्दिष्टापर्यंत पोचली नाही हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. बहारीनच्या पहिल्या शर्यतीत लॅन्डो नॉरिस सतरावा आला आणि ऑस्कर पियास्त्रीची गाडी बंद पडली. जुलैत ऑस्ट्रियाला नवा तळ, बाजूचे नवे भाग आणि इंजिनावरचं नवं आवरण आलं, तेही फक्त नॉरिसच्या गाडीला. तो चौथा आला. आठवड्याने सिल्व्हरस्टोनला पियास्त्रीलाही बरेचसे नवे भाग मिळाले. नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. २०२४ मध्ये मॅक्लारेनने संघांचं विजेतेपद घेतलं, १९९८ नंतर पहिल्यांदा.

हे सगळं नियमाने केलं, असं मात्र कुणी म्हणू नये. तेच रेड बुल सर्वांत कमी चाचण्या घेऊन २०२३ च्या २२ पैकी २१ शर्यती जिंकलं. उलट सलग आठ वर्षं संघांचं विजेतेपद जिंकलेल्या मर्सिडीजला २०२२ मध्ये एकच शर्यत जिंकता आली, कारण त्यांच्या गाडीचे कागदावरचे आकडे रस्त्यावर उतरले नाहीत. जास्त वेळ मिळाला म्हणजे गाडी आपोआप धावते असं नाही. त्या वेळेचं काय करायचं हे कळावं लागतं. पण ज्याला वेळच मिळाला नाही, त्याला ते कळण्याची सोयही उरत नाही.

आता शाळेकडे येते. मी आधी जिथे होते, त्या शाळेत दहावीचे जादा तास कुणाला द्यायचे यावर बैठक झाली. ठरलं असं की, नव्वद टक्क्यांच्या आसपासची बारा मुलं निवडायची आणि सगळे जादा तास त्यांना द्यायचे, म्हणजे निकालानंतर फाटकावर फ्लेक्स लावता येईल. मराठीत काठावर असलेल्या मुलांसाठी मी आठवड्याचे दोन तास मागितले. एक सहकारी म्हणाले, “मॅडम, हा हुशार मुलांवर अन्याय आहे.” तास मिळाले नाहीत.

ती काठावरची मुलं कोण होती? घरी उर्दू किंवा दखनी बोलणारी. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल ‘माझी पुस्तक’ लिहितं. उर्दूत ळ नाही, म्हणून ‘सकाल’ म्हणतं आणि तसंच लिहितं. यात बुद्धीचा प्रश्न नाही. पुढच्याने घुसळलेल्या हवेत ही मुलं धावत असतात आणि आम्ही त्यांचा वेग मोजून त्यांना ‘ढ’ म्हणतो.

‘अन्याय’ या शब्दाला त्या दिवशी माझ्याकडे नेमकं उत्तर नव्हतं, आज आहे. हा नियम शेवटच्याला एकही गुण फुकट देत नाही. त्याच्यासाठी रस्ता आखूड होत नाही, घड्याळ हळू चालत नाही, पहिल्याच्या गाडीत दगड भरले जात नाहीत. शर्यत सगळ्यांना सारखीच असते. फक्त शर्यतीआधीच्या तयारीत ज्याला गरज जास्त, त्याला वेळ जास्त. आणि पहिल्याचं काय बिघडतं? विजेता झाल्यावर मॅक्लारेनला २०२५ ची सुरुवात ७० टक्क्यांवर करावी लागली. ते वर्षही त्यांनीच जिंकलं आणि नॉरिस जगज्जेता झाला. ज्याची घडी बसलेली असते, तो कमी तासांतही पुढेच राहतो. आमच्या बारा मुलांपैकीही बहुतेकांचं तेच झालं असतं.

या नियमातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही क्रमवारी वर्षातून दोनदा नव्याने पाहतात, वर्षाच्या सुरुवातीला आणि ३० जूनला. जो वर चढला, त्याचा जादा वेळ कमी होतो. कुणीही कायमचा ‘शेवटचा’ राहत नाही. २०२२ मध्ये दहावा असलेला विल्यम्स संघ पुढच्याच वर्षी सातवा आला आणि त्याच्या चाचण्याही त्याप्रमाणे घटल्या. आमच्याकडे मात्र पाचवीत एखाद्याला कच्चा म्हटलं की तो शिक्का दहावीपर्यंत पुसत नाही. जादा तास मिळाला तरी लाज वाटावी, असा मिळतो.

आताच्या शाळेत मला दोघा सहकाऱ्यांची साथ मिळाली आहे. जादा तासांची यादी आम्ही प्रत्येक घटक चाचणीनंतर नव्याने करतो. खालच्या आठ मुलांना आठवड्याला तीन तास, वरच्यांना एक. त्या तासांत तोच धडा पुन्हा वाचत नाही. प्रत्येकाच्या वहीतून त्याची नेमकी चूक शोधतो आणि तेवढ्यावरच काम करतो. सहामाहीनंतर आठवीतली एक मुलगी यादीतून बाहेर पडली. मला वाटलं, खूश होईल. ती रुसून म्हणाली, “टीचर, मला का काढलं?” मी तिला सांगितलं, तू वर गेलीस म्हणून. तिची जागा आता दुसऱ्या कुणाला हवी आहे. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, मग विचारलं, “कुणाला?” मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आपली जुनी वही त्या मुलीला देताना दिसली.