वाऱ्याचं बेट

इटियाडोह,
चैत्र वद्य पंचमी

चि. सुजय यास,

पवनचक्क्यांची नोकरी बरी आहे, पण चाळकेवाडीच्या सड्यावर वारा आणि दगड सोडून काहीच नाही, असं तू लिहिलंस. ते वाचून राहवेना. अरे, तू बेटावर राहतोयस!

बेटाला पाणीच लागतं असं नाही. तुझ्या सड्याच्या, त्या उघड्या पठाराच्या, चहूबाजूंना खोल दऱ्या, खाली झाडी नि शेती. वर हजार मीटरवर उघडा जांभा. उघड्या माळावरच जगणाऱ्या सरड्याला ती झाडी ओलांडून पलीकडचा सडा गाठणं सोपं नाही.

तो सरडा आता या दिवसांत शोध. मादी मातकट, लगेच दिसायची नाही. नर मात्र दगडावर चढतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. पंखा थेट पोटापर्यंत गेलेला. मादीला दाखवायचं आणि शेजारच्या नराला दटावायचं, दोन्ही कामं त्यानेच. गळ्याला पंखा असलेले देशातले बहुतेक सरडे दीर्घकाळ एकाच जातीच्या खात्यावर मांडले जात. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खातं फोडलं, आणि तुमच्या चाळकेवाडीच्या सरड्याला 'सरडा सुपर्बा' हे नाव मिळालं.

आता तुझ्या पवनचक्क्यांकडे येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी आमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी याच पठारावर अभ्यास केला. तो २०१८ मध्ये छापून आला. पाती फिरतात तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. साहजिकच सरडे वाढले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक उतरलं, माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळेनात. सुखाचे दिवस म्हणावेत, तर तसंही नाही. खाणारी तोंडं वाढली, अंगं रोडावली आणि नरांच्या पंख्यांचे रंग फिके पडले. घारी-ससाण्यांचा धाक गेला तो असा अंगावर उमटला. मला तर ही गोष्ट पंख्याच्या रंगांहूनही अजब वाटते.

धरणकाठी राहणाऱ्या माणसाला अशा बेटांचं कुतूहल जास्तच, कारण धरणाचं पाणीही बेटं घडवतं. आमचं गाढवी नदीवरचं हे इटियाडोह धरण १९७० चं. ब्राझीलमध्ये सेरा द मेसा धरणाचं पाणी १९९० च्या दशकात चढलं, तेव्हा टेकड्यांच्या माथ्यांची शेकडो बेटं झाली. त्यांवरचे मोठे सरडे संपले. वाळवी खाणाऱ्या छोट्या पालींना मोठी वाळवीही मोकळी मिळाली, आणि ती खाता येईल इतकी त्यांची डोकी पंधरा वर्षांच्या आत मोठी झाली. तपासलेल्या पाचही बेटांवर तेच! उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, असं मी वर्गात किती पिढ्यांना शिकवलं असेल!

पवनचक्क्या पाडा, असं मी म्हणत नाही. माझ्या घरातला दिवाही कुठल्यातरी विजेवरच जळतो. पण असे सडे कागदोपत्री 'पडीक' लिहून मोकळं होणं मला मान्य नाही.

पाऊस यायच्या आत एका सकाळी, ऊन तापायच्या आधी, पायी फीर. दगड उलटू नकोस, सरडा पकडू नकोस. एकदा पात्यांखालचे नर पाहा, मग चक्क्या नाहीत त्या बाजूचे. पंख्यांत फरक दिसतो का, ते सविस्तर कळव.

तुझा,
मामा