हॉलमधला टीव्ही

मगरिबची अजान झाली तरी आमचा थोरला घरी आलेला नसे. मागच्या वर्षी आठवड्यातून दोन-तीनदा असे होऊ लागले. एसटी स्टँडमागच्या गेमिंग पार्लरमध्ये तासाला 60 रुपये देऊन तो फुटबॉलचा गेम खेळत होता, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. दिवसभर शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त शिकवणारे आम्ही. घरी मात्र आमचाच मुलगा दाराआडून चप्पल हातात घेऊन येई.

बकरी ईदला मामू कतारहून आले ते प्लेस्टेशन 5 घेऊनच. "अब घर में तो बैठेगा!" म्हणाले. नातेवाइकांपैकी काहींनी नाक मुरडले, की मास्तरांच्या घरात आता गेम? आम्हालाही ते फारसे रुचले नव्हते. पण पार्लरच्या अंधाऱ्या खोलीपेक्षा आपल्या डोळ्यांसमोर खेळलेले बरे, असा विचार करून आम्ही ते हॉलमधल्या जुन्या 32 इंची टीव्हीला जोडले.

आठवडाभरातच तक्रार आली. "अब्बू, बटण दाबलं तरी खेळाडू उशिरा लाथ मारतो. टीव्ही खराब आहे." आम्ही हसलो. मग रागावलो. नवा टीव्ही मिळावा म्हणून हा बहाणे करतो आहे, असे आम्ही त्याला दादीसमोर सुनावले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतरही तो घरी नव्हता. पुन्हा पार्लर.

त्या रात्री इशानंतर आम्हा दोघांना वाटले की एकदा तपासून तरी पाहावे. वर्गात मुलांना आपणच सांगतो, आधी प्रयोग, मग निष्कर्ष. आमच्या फोनचा स्लो मोशन कॅमेरा सेकंदाला 240 चित्रे घेतो, म्हणजे एका चित्राला सुमारे 4 मिलिसेकंद. कंट्रोलरवरचा अंगठा आणि टीव्ही एकाच चौकटीत घेऊन चित्रण केले आणि बटण दाबल्यापासून खेळाडू हलेपर्यंतची चित्रे मोजली. पन्नासच्या आसपास भरली. मग तोच कन्सोल, तोच गेम घरातल्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडून पाहिला. तिथे पंचविसाच्या आत. यातला काही वेळ कंट्रोलरचा आणि गेमचा असतो, पण तो दोन्हीकडे सारखाच. उरलेला फरक टीव्हीचा.

मुलगा खरे बोलत होता. आम्ही दादीसमोर सुनावले होते, म्हणून माफीही दादीसमोरच मागितली.

कारण समजून घेतले. टीव्ही आलेले चित्र लगेच दाखवत नाही. रंग खुलवणे, कडा ठळक करणे, हालचाल गुळगुळीत करणे अशी कामे तो आधी उरकतो. सिनेमा किंवा बातम्या पाहताना हा उशीर कळत नाही, कारण आपण फक्त पाहत असतो. खेळताना हात आणि डोळा यांची सांगड तुटते. यावर उपाय 'गेम मोड'. तो चालू केला की टीव्ही ही बरीचशी कामे सोडून देतो. म्हणून कोणीही नवा टीव्ही घेण्याआधी जुन्याच्या सेटिंगमध्ये हा पर्याय आहे का, ते पाहावे. आमच्या टीव्हीत नव्हता.

"मग मॉनिटरच द्या मला, माझ्या खोलीत लावतो," थोरला म्हणाला. हिशेबाने त्याचे बरोबर होते. एक पैसाही खर्च झाला नसता. पण मग कन्सोल बंद दाराआड गेला असता आणि आम्ही पार्लरच घरात आणले असते. इथे आम्ही ठाम राहिलो. खेळायचे ते हॉलमध्ये, सगळ्यांच्या समोर. म्हणजे टीव्ही घेणे आले. आमच्याकडे 30,000 रुपये होते. त्याने आपल्या ईदीचे 4,000 पुढे केले.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरील टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तोवर आम्ही थांबलो. मग कन्सोल पिशवीत घालून तिघे दुकानात गेलो. विक्रेत्याने 55 इंची, 120 हर्ट्झचा टीव्ही दाखवला आणि थोरल्याचे डोळे चमकले. किंमत आमच्या रकमेच्या दुप्पट. "नो कॉस्ट ईएमआय आहे सर, व्याज शून्य."

शून्य व्याज म्हणजे काय, हे आम्ही तिथेच विचारले. बँक हप्त्यांवर व्याज लावतेच. तेवढी सूट आधी दिली जाते, म्हणून बेरीज सारखी दिसते. त्या व्याजावरचा जीएसटी ग्राहकाच्याच माथी येतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना कळवले होते. ज्याने त्याने आपापल्या आलिमांना विचारावे. आम्हाला मात्र कागदावर 'व्याज' हा शब्द दिसला आणि आम्ही मागे फिरलो. खेळाच्या वस्तूसाठी तर नाहीच.

थोरल्याचा चेहरा उतरला. त्याला 120 हर्ट्झ हवे होते, आणि त्याची मागणी निव्वळ हट्टाची नव्हती. काही गेम त्या वेगाने खरेच चालतात. त्यासाठी टीव्हीचे पॅनेल 120 हर्ट्झचे लागते आणि 4के चित्र त्या वेगाने आणायला एचडीएमआय 2.1 चे पोर्ट लागते. अनेक टीव्हींत चारपैकी एक-दोन पोर्टच तसे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'मोशन रेट 240' पाहून मात्र फसू नये. आत पॅनेल 60 चेच असू शकते. पण तो जो फुटबॉल खेळतो तो सेकंदाला 60 चित्रांनीच चालतो. हे त्याने स्वतःच कबूल केले.

शेवटी 43 इंची, 4के, 60 हर्ट्झचा टीव्ही ठरला. गेम मोड आहे आणि कन्सोल सुरू होताच तो आपोआप लागतो. दादी दिवाणावर एका कडेला बसतात, म्हणून बाजूने पाहिल्यावर रंग फिके न पडणारे आयपीएस पॅनेल निवडले. त्यात काळा रंग थोडा राखाडी दिसतो, ते चालवून घेतले. ओळखीच्या दुकानदाराने कन्सोल जोडू दिला. थोरल्याने दोन मिनिटे खेळून मान डोलावली. पैसे रोख दिले.

आता टीव्ही हॉलमध्ये आहे. कन्सोलमध्ये रोजच्या खेळाची वेळ बांधता येते, ती त्याच्याशी बोलून ठरवली. अजान झाली की खेळ थांबवायचा, हाही नियम आहे. काही दिवस अजूनही दोनदा हाक मारावी लागते. 120 हर्ट्झचा विषय महिन्यातून एकदा निघतोच. दादींना गोल आणि ऑफसाइड यांतला फरक कळू लागला आहे, आणि नातू हरला की त्या कंट्रोलरकडे संशयाने पाहतात.

पार्लरला तो पुन्हा गेलाच नाही, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. परवा त्याने आपणहून सांगितले, "आज मित्रांसोबत जाऊन आलो, अम्मी." चप्पल हातात नव्हती, पायात होती. आम्हाला अल्हम्दुलिल्लाह म्हणायला तेवढे पुरेसे आहे.