तळटीपेतले अक्षर

पाठभेद म्हणजे दोष नव्हे, हे आम्ही दोघी बहिणींनी वर्गात कितीदा तरी सांगितले आहे. १९६६ साली पूर्ण झालेल्या, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा दाखला देताना, मूळ संहितेत न घेतलेले पाठही तिथे तळटीपांत जपले आहेत, हे आम्ही आवर्जून दाखवतो. आईला अंडाशयाचा कर्करोग झाला आणि तिच्या जनुक-तपासणीचा अहवाल हाती आला, तेव्हा मात्र आम्ही हे सारे विसरलो. बीआरसीए-१ या जनुकात एक अक्षर बदललेले होते. शेरा होता : 'अर्थ अनिश्चित'.

डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, की पेशी शेजारच्या जुळ्या प्रतीवरून तो मजकूर पुन्हा उतरवून घेऊ शकते. १९९४ मध्ये सापडलेल्या या जनुकाचे प्रथिन त्या कामी लागते. ते निकामी असेल, तर तुटलेली टोके कशीबशी जोडली जातात, चुका साठतात आणि त्यांतून कर्करोग उद्भवू शकतो. हीच उणीव उपचाराची वाटही ठरली. दुरुस्तीचा दुसरा मार्ग 'पार्प'रोधक औषधांनी अडवला, तर अशा पेशी मरतात, हे २००५ मध्ये दिसून आले. २०१४ मध्ये असे पहिले औषध मान्य झाले.

पण प्रत्येक बदलाने प्रथिन निकामी होत नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी या जनुकातील सुमारे ४,००० एकाक्षरी बदल, त्या जनुकाविना जगू न शकणाऱ्या पेशींत घडवून पाहिले. बहुतेक बदल पेशींनी निभावले. काहींनी त्या मेल्या. अर्थ ठरला तो अक्षराच्या वेगळेपणावरून नव्हे, पेशीच्या वागण्यावरून. आईचे अक्षर त्या यादीत नाही.

धाकटीने तर शस्त्रक्रियेचे मनाशी ठरवूनही टाकले होते. सल्लागार डॉक्टरांनी थांबवले. "एवढ्या शेऱ्यावरून अंडाशय काढू नका. असे शेरे पुढे बदलले, तर बहुधा निरुपद्रवाकडेच झुकतात." तुलनेसाठी जमलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, म्हणून आपल्याकडे असा शेरा अधिक आढळतो, हेही त्यांनी सांगितले. आईच्या आजाराची नोंद मात्र आमच्या प्रत्येक तपासणीत राहील.

शेरा बदलला का, हे आम्ही दरवर्षी विचारून येतो. "काय ठरलं गं त्या अक्षराचं?" आई विचारते.

"अजून तळटीपेतच आहे," आम्ही सांगतो.